ड्रायरवर ‘टीई’ एरर आला म्हणजे पीसीबी गेला का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: वाकडला फ्लॅट, कंडेन्सर पद्धतीचा (कपड्यांतल्या वाफेचं आतच पाणी करणारा) ड्रायर ड्राय बाल्कनीत ठेवलेला, वॉरंटी संपलेली. पाऊस सुरू झाल्यापासून मशीन अर्धा-पाऊण तास नीट चालतं, मग ‘टीई’ दाखवून थांबतं. रात्रभर बंद ठेवलं की सकाळी पुन्हा सुरू होतं. कारागिराने न उघडताच पीसीबी (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलाय असं सांगितलं आणि मशीनच्या किमतीचा चौथा हिस्सा खर्च काढला. बदलावा का?

इतक्यात बदलू नका. मी पुण्यात कोथरूड-कर्वेनगर भागात वॉशिंग मशीन आणि ड्रायरची कामं करतो. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांत पीसीबीवर संशय घेण्यासारखं मला काहीच दिसत नाही. बऱ्याच कंपन्यांत ‘टीई’ म्हणजे तापमान मोजणाऱ्या सेन्सरची तक्रार. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत एकदा खात्री करून घ्या, कारण तीच अक्षरं दुसऱ्या कंपनीत वेगळ्या अर्थाने असू शकतात. पण कोड कोणताही असो, तक्रार कोणत्या सेन्सरकडून आली एवढंच तो सांगतो. सेन्सर बिघडलाय, की सेन्सर ठणठणीत आहे आणि आतली हवाच जास्त तापलीय, हे आपल्याला शोधावं लागतं.

त्यासाठी सगळ्यात मोठा पुरावा तुम्हीच दिलाय: कोड अर्ध्या-पाऊण तासाने येतो. सेन्सर जळला असता किंवा त्याची वायर तुटली असती, तर मशीनने सुरू करताच किंवा दोन-चार मिनिटांत कोड दाखवला असता. थंड मशीन व्यवस्थित चालतं आणि तापल्यावर थांबतं, याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. आत तयार होणारी उष्णता बाहेर पडत नाहीये, हवा कुठेतरी अडतेय.

आता तुमच्या ड्राय बाल्कनीकडे या. उन्हाळ्यात तिची स्लायडिंग उघडी असते. पावसाळ्यात झड आत येते म्हणून आपण ती घट्ट लावतो, आणि ड्रायर नेमका तेव्हाच रोज लागतो. हीटरच्या कंडेन्सर ड्रायरमध्ये हीटर साधारण दोन हजार वॉटच्या घरात असतो. कपड्यांतली वाफ थंड करून तिचं पाणी करायला हे मशीन खोलीतलीच हवा आत ओढतं आणि गरम करून खोलीतच सोडतं. आपल्याकडची ड्राय बाल्कनी म्हणजे जेमतेम एक मोरी, एक मशीन आणि उभं राहायला जागा. ती बंद केली की थोड्याच वेळात मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढायला लागतं. पुस्तिकांमध्ये खोलीचं तापमान साधारण ३५ अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं. दार लावून पाऊण तास ड्रायर चालवलेल्या बाल्कनीत जाऊन उभं राहा, कपाळावर घाम येतो. तेव्हा पहिला प्रयोग फुकटचा आहे: स्लायडिंग वीतभर उघडी ठेवा, स्वयंपाकघराकडचं दारही उघडं ठेवा, मशीन भिंतीपासून थोडं पुढे ओढा आणि निम्मेच कपडे लावा. एवढ्याने कोड आला नाही, तर निदान जवळजवळ झालंच.

पण इथे थांबू नका, तूसही (कपड्यांतून सुटणारे बारीक धागे) बघाच. तुम्ही लिहिलंय की दाराची जाळी दर वेळी साफ करता. जाळी कोरडी झटकणं पुरेसं नसतं. कपड्यांना सुवास यावा म्हणून आपण जे सॉफ्टनर घालतो, त्याचा न दिसणारा थर जाळीवर बसत जातो. जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वरच साचलं, तर हवाही तिथे अडतेय असं समजा. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश यांनी धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

खरी गोम खाली असते. मशीनच्या समोर, तळाशी एक झाकण असतं. ते उघडून दोन खिट्ट्या फिरवल्या की कंडेन्सरचा ठोकळा सरळ बाहेर येतो (काही मॉडेलमध्ये तो काढता येत नाही, तिथे जागच्या जागीच साफ करावा लागतो). मागे बाणेरच्या एका घरात असाच कोड आला म्हणून गेलो होतो. वरची जाळी लखलखीत होती. कंडेन्सर ओढून काढला तर त्याच्या पात्यांमध्ये राखाडी, ओलसर तूस इतकं घट्ट बसलेलं होतं, की उजेडाकडे धरून पलीकडचं काही दिसेना. मागच्या कप्प्यात हात घातला तर सेन्सरच्या टोकावरही तोच थर, ओल्या कणकेसारखा चिकटलेला. ठोकळा मोरीत नळाखाली धरून दोन्ही बाजूंनी धुतला, सेन्सर कोरड्या फडक्याने पुसला, आणि तेच मशीन चालू झालं. एकही पार्ट बदलावा लागला नाही. तुम्ही धुताना सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हर पात्यांत घालू नका. ॲल्युमिनियम पातळ असतं, वाकलं की हवा तिथे कायमची अडते.

हवा अडणं हा इतका नेहमीचा दोष आहे, की काही कंपन्यांनी त्यासाठी वेगळे कोडच ठेवलेत. एलजीच्या डक्टवाल्या ड्रायरवर ‘डी ८०’ किंवा ‘डी ९०’ दिसतं, म्हणजे हवा बाहेर नेणारी नळी अंदाजे तितके टक्के तुंबलीय. व्हर्लपूलच्या काही मॉडेलवर ‘एएफ’ येतं. ज्यांच्याकडे नळी खिडकीतून बाहेर काढलेला ड्रायर आहे, त्यांनी नळीचं बाहेरचं तोंड जरूर बघावं. कबुतरांना ती उबदार जागा फार आवडते.

हे सगळं करूनही कोड आला, तर सेन्सर तपासा. आधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मागचं पॅनेल उघडल्यावर दोन वायरींचा छोटा सेन्सर दिसेल, त्याचा कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवा, कारण मशीनच्या थरथरीने तो सैल होतो. उंदरांनी वायर कुरतडलीय का तेही बघा. मल्टिमीटर (विजेची मापं घेणारं छोटं यंत्र) असेल तर सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा. पुष्कळ ड्रायरमध्ये तो २५ अंशांना १० किलोओहमच्या आसपास असतो, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. आकड्याइतकीच त्याची चाल महत्त्वाची: सेन्सर मुठीत धरला की रीडिंग हळूहळू, सलग उतरलं पाहिजे. ते उड्या मारत असेल किंवा काहीच दाखवत नसेल, तर सेन्सर गेला. हा पार्ट पीसीबीच्या मानाने अगदी स्वस्त असतो. मल्टिमीटर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत कुठेही मिळेल. सेन्सर मात्र तुमच्या मॉडेलचा पार्ट नंबर सांगूनच घ्या. दिसायला सारखा दुसरा बसवला, तर मशीन चुकीचं तापमान वाचत राहील.

एका गोष्टीबद्दल मी हट्टी आहे. आत एक थर्मल फ्यूज असतो, हवा फार तापली की तो उडतो आणि हीटर बंद होतो. काही जण तो उडाल्यावर वायरी सरळ जोडून देतात. हे कुणालाही करू देऊ नका. सुकं तूस आणि लाल झालेला हीटर एकत्र आले की आग लागायला वेळ लागत नाही, आणि ड्राय बाल्कनीला लागूनच आपला गॅस असतो.

व्होल्टेजही एकदा बघून घ्या, विशेषतः संध्याकाळी. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते: २३०च्या जागी १८० मिळालं तर जेमतेम ६१ टक्के उष्णता उरते. त्यावर सहसा ‘टीई’ येत नाही, पण हीटरचा कोड येतो किंवा कपडे वाळतच नाहीत, आणि मग विनाकारण हीटर बदलला जातो. प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्येच हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको. प्लग हाताला चटका देण्याइतका गरम लागला तर आधी वायरमन बोलवा, ड्रायरचं नंतर बघू.

तुमचा ड्रायर हीट पंपवाला (साध्या हीटरऐवजी फ्रिजसारखा कॉम्प्रेसर आणि गॅस असलेला) निघाला, तर तूस काढण्यापलीकडे आत हात घालू नका. नव्या मशीनमध्ये पुष्कळदा आर-२९० गॅस असतो. तो म्हणजे प्रोपेन, पेट घेणारा.

कारागिराला पुन्हा बोलवावं लागलंच, तर “सेन्सरचं रीडिंग माझ्यासमोर घ्या” असं सांगा. रीडिंग बरोबर, हवेची वाट मोकळी, कनेक्टर घट्ट, आणि तरीही कोड येतोय, अशा वेळीच पीसीबीचा विषय निघतो. बदललाच, तर जुना पार्ट मागून घ्या आणि पक्कं बिल घ्या. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे मराठीतूनही तक्रार सांगता येते.