नजर जाईल ते सगळेच का उघडते?

आपल्या काकांचे हात चालत नाहीत, म्हणून आपण त्यांना नजरेवर चालणारे यंत्र आणून दिले. पण पडद्यावर जिथे नजर पडते ते आपोआप उघडते, तेव्हा यंत्र सदोष आहे का, असे आपण विचारले आहे. बहुधा नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात माझे वडील दोन वर्षांपासून असेच यंत्र वापरतात आणि पहिला आठवडा आमचाही असाच गेला.

डोळा काही बोटासारखा नाही. बोट आपण हवे तेव्हाच टेकवतो, डोळा मात्र सेकंदाला तीन-चार उड्या मारतो आणि एकेका जागी जेमतेम २०० ते ३०० मिलिसेकंद थांबतो. त्यामुळे माणूस नुसता पाहतो आहे की निवडतो आहे, हे यंत्राला कळण्यासाठी वेगळी खूण लागते. संगणक-संशोधक रॉबर्ट जेकब यांनी १९९० साली या अडचणीला मिडास राजाच्या स्पर्शाची उपमा दिली होती: हात लागेल त्याचे सोने, मग ते ताटातले अन्न का असेना.

सर्वांत सोपी खूण म्हणजे टक लावणे. सेटिंगमध्ये तिचा कालावधी बदलता येतो. आमच्याकडे तो अर्धा सेकंद होता, तो मी एक सेकंद केला. आता वडिलांनी ‘पाणी’च्या चौकोनावर नजर रोखली की त्याभोवती कडे भरू लागते, आणि तेवढ्यात आईने चुलीपाशून हाक मारली तर नजर हलते व अर्धे भरलेले कडे पुसले जाते. सराव झाल्यावर हा वेळ कमी करावा, नाहीतर लिहिणे फार रेंगाळते.

चौकोन मोठे ठेवा. नजर टिपण्यात चांगल्या यंत्राचीही साधारण अर्ध्या अंशाची चूक होते, म्हणजे ६० सेंटिमीटरवरून अर्धा सेंटिमीटर. मोबाईलवरची बारीक बटणे त्यात कशी सापडणार?

आणखी एक गोष्ट आम्हांला उशिरा उमगली. अशी बहुतेक यंत्रे न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकून बुबुळावरची त्याची चमक कॅमेऱ्याने टिपतात, आणि उन्हातही तोच प्रकाश भरपूर असतो. वडिलांची बाज ओसरीवर होती. दुपारचे ऊन तोंडावर आले की बाण पडदाभर भरकटे. बाज आतल्या खोलीत नेली, पडद्यावरच्या बिंदूंकडे पाहून यंत्राला नजर ओळखायला लावण्याची जुळणी पुन्हा करून घेतली आणि पडद्याच्या मधोमध एक चौकोन मुद्दाम रिकामा सोडला. काही म्हणायचे नसेल तेव्हा वडील तिथेच पाहत असतात.