काविळीत दम्याची गोळी चालू असेल तर आधी हे वाचा

ताई, वडिलांना कावीळ, त्यात जुना दमा, आणि आता उलट्या थांबत नाहीत, हात थरथरतात, रात्रभर डोळा लागत नाही असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात गोळा आला. आईचं अगदी असंच झालं होतं.

पथ्याचं सगळे सांगतीलच. मी एकच विचारते, त्यांच्या दम्याच्या गोळीत थिओफायलिन (श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध) आहे का? पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत बघा. बऱ्याचदा ते इटोफायलिन या त्याच जातीच्या औषधाच्या जोडीने असतं.

आईलाही कावीळच, हिपॅटायटिस ई (लिव्हरची विषाणूमुळे येणारी सूज) निघाला. "चालू औषधं कोणती?" विचारल्यावर मी फक्त बीपीची सांगितली. दम्याची गोळी पंधरा वर्षं रोजची, ती औषध आहे हेच डोक्यात आलं नाही. वर उलटी झाली की "गोळी पडली असेल" म्हणून मी पुन्हा एक द्यायचे. माझ्याच हाताने!

थिओफायलिन मुख्यतः लिव्हरमध्ये मोडतं. निरोगी, बिडी-सिगारेट न ओढणाऱ्या माणसात त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण ८ तास लागतात. तीव्र हिपॅटायटिसमध्ये तेच सुमारे १९ तास लागल्याचं अभ्यासात दिसलंय. सकाळची गोळी उतरायच्या आत रात्रीची पोटात. आणि त्याने होणाऱ्या उलट्या काविळीतही होतात, म्हणून कुणाला शंका येत नाही.

आईची नाडी १३० वर गेली तरी त्या दवाखान्यात "काविळीत होतं असं" एवढंच ऐकलं. नंतर मी सगळी पाकिटं पिशवीत घालून नेली, तर "फाइलमध्ये आहे तेच बघतो" म्हणाले. फाइलमध्ये मी सांगितलं तेवढंच होतं ना! चौथ्या दिवशी तिला फिट आली. दुसरीकडे हलवलं, तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी पिशवी पलंगावर ओतली आणि रक्तातली थिओफायलिनची पातळी तपासायला पाठवली. एका मिलिलिटर रक्तात २० मायक्रोग्रॅमच्या वर धोका, आईची ३४ होती. त्या दवाखान्याचा राग अजून जात नाही.

मी डॉक्टर नाही, आणि दमा उसळणंही वाईटच, तेव्हा औषधं मनाने बंद करू नका. पण पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. नाडी फार जलद असेल तर आत्ताच तातडीच्या विभागात न्या आणि पातळीची तपासणी स्वतःहून मागा. लाजू नका.

सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असेल किंवा वडिलांनी नुकतीच बिडी सोडली असेल, तर तेही सांगा. दोन्हींनी पातळी चढते.

गोळी किती मिलिग्रॅमची आणि दिवसातून किती वेळा, ते कळवा. मी जागी आहे.