वाचकांचे प्रश्न : वैशाखातील लग्न आणि नवरीचे वस्त्र

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न वैशाखात, चंद्रपूरला आहे. मुहूर्त भर दुपारचा असून कार्यालयातील मंडप वातानुकूलित नाही. मुलीला मंगलाष्टकांसाठी पैठणी आणि विधींसाठी नऊवारी हवी आहे. दुकानदार ‘सेमी सिल्क घ्या, हलके आणि स्वस्तही पडते,’ असे सुचवतात. कोणते कापड योग्य ठरेल?
– एक वधूमाता, चंद्रपूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. लग्नाचे वस्त्र आपण बहुधा दुकानातील झगझगीत दिव्यांखाली आणि गादीवर बसून निवडतो. प्रत्यक्षात मात्र नवरीला ते चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, होमापुढे मांडी घालून सांभाळायचे असते. म्हणून कोणत्या विधीला ती किती वेळ बसणार आणि अग्नी किती जवळ असणार, हे आधी ठरवावे व त्यानुसार कापड घ्यावे.

‘सेमी सिल्क’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या साड्यांत पुष्कळदा पॉलिस्टर किंवा व्हिस्कोसचे मिश्रण असते. रेशीम सर्वसाधारण हवेत आपल्या वजनाच्या सुमारे ११ टक्के ओलावा धरून ठेवते, सूत साडेआठ टक्क्यांच्या आसपास, तर पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. त्यामुळे हातात हलकी वाटणारी ती साडी घाम आला की अंगाला चिकटते. याहून गंभीर बाब होमाची आहे. लाजाहोमात नवरी अग्नीच्या अगदी जवळ असते आणि ठिणगी पडल्यास पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटते. रेशीमही जळते, पण सावकाश, आणि ज्योत दूर झाली की बहुधा विझते. विधींच्या साडीत पॉलिस्टर नकोच, असे मी आपणांस आग्रहाने सांगेन.

नऊवारीसाठी दूर जाण्याची गरज नाही. नागपूर-भंडारा भागात विणली जाणारी करवतकाठी साडी टसर रेशमाची असते. ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून हे रेशीम मिळते आणि आपल्याच भागातील जंगलांत ते पूर्वापार काढले जाते. त्याचा पोत किंचित खरबरीत असल्याने कासोटा घसरत नाही, आणि काठावरची करवतीच्या दात्यांची नक्षी लग्नघरात उठून दिसते. नऊवारीची लांबी हवी असल्याचे विणकराला आधीच सांगावे. सहावारी पैठणी कापून नऊवारी शिवून घेण्याची सध्या पद्धत पडली आहे. हातमागाच्या पैठणीला कात्री लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ती साडी पुढच्या पिढीलाही नेसता यावी.

मंगलाष्टकांचा वेळ थोडा असतो, तेव्हा मुलीची पैठणीची हौस अवश्य पुरवावी. मात्र अरुंद काठाची आणि अंगात मोजकेच बुट्टे असलेली घ्यावी, कारण वजन आणि उष्मा हे दोन्ही मुख्यतः जरीमुळे वाढतात. ब्लाउजला सुती अस्तर लावावे आणि ते शिवण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटते आणि ब्लाउज शिवणीवर ओढला जातो. आजोळहून येणारी पिवळी अष्टपुत्री साडी सुतीच असू द्यावी.

प्रश्न : येवल्याला जाऊन पैठणी घेणार आहोत. हातमागाची आणि यंत्रमागाची यांतील फरक कसा ओळखावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पदर उलटा करून पाहावा. पारंपरिक पैठणीत नक्षीतील प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, तेवढ्याच भागात फिरवून शेजारच्या रंगात गुंतवलेला असतो. त्यामुळे मोर, मुनिया किंवा आसावलीची वेल मागूनही जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागच्या बाजूला एका नक्षीपासून दुसरीपर्यंत धागे सैल धावताना किंवा कापलेले दिसतात. हातविणीत दोन मोरांच्या चोचींत केसभर फरक असतो, तो दोष समजू नये.

रेशमाच्या खात्रीसाठी दशीतील एक-दोन धागे विक्रेत्याच्या संमतीने जाळून पाहावेत. रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टरचा कडक मणी होतो. ‘सिल्क मार्क’ची खूणचिठ्ठी रेशीम शुद्ध असल्याचे सांगते, साडी हातमागाची असल्याचे नव्हे, त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ वेगळा पाहावा लागतो. जर कोणती, हेही विचारावे. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असलेली जर महाग पडते, तर बाजारात सर्रास मिळणारी ‘टेस्टेड’ जर चांदीचा थर दिलेल्या तांब्याची असते. ती घेण्यात कमीपणा काहीच नाही, फक्त बिलावर तसे लिहून घ्यावे आणि त्याच हिशेबाने दर द्यावा. हव्या त्या रंगात विणून घ्यायची असल्यास नक्षीनुसार काही आठवड्यांपासून अनेक महिने लागतात. तेव्हा तारीख पक्की होताच विणकराकडे मागणी नोंदवावी.