वाचकांचे प्रश्न : जुने फुटबॉल मैदान आणि प्रेक्षकाची नजर

प्रश्न : स. न. वि. वि. मी रेल्वेतून निवृत्त झालो असून नागपूरच्या अजनी भागात राहतो. गेली 40 वर्षे मी एकाच जुन्या मैदानावर स्थानिक फुटबॉल सामने पाहत आलो आहे. तेथील गॅलरीच्या पायऱ्यांचे पोपडे निघाले आहेत, काही ठिकाणी गंजलेल्या सळया उघड्या पडल्या आहेत आणि मधल्या खांबांमुळे एक गोलपोस्ट दिसतच नाही. आता नूतनीकरणाची चर्चा सुरू आहे. पायऱ्या तशाच ठेवून त्यांवर रंगीत खुर्च्या बसवायच्या, वर पत्र्याचे छत घालायचे, एक मोठा डिजिटल पडदा लावायचा आणि भोवतालची धावपट्टी काढून मैदान गॅलरीच्या जवळ सरकवायचे, असा बेत ऐकतो. मी स्वतः टेप लावून मापे घेतली आहेत. प्रत्येक पायरी 25 सेंटिमीटर उंच आणि 75 सेंटिमीटर खोल आहे, पहिली पायरी जमिनीपासून 1 मीटर उंचीवर आहे आणि पहिल्या रांगेपासून मैदानाची जवळची सीमारेषा 15 मीटरवर आहे. नव्या बेतात हे अंतर 6 मीटर होईल. खेळ जवळून दिसेल याचा आनंद वाटतो, तरी मनात कुठेतरी शंका आहे. ती रास्त आहे का?

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि आपण मापे पाठवल्यामुळे तिचे उत्तर अंदाजाने न देता हिशेबाने देता येते, याबद्दल आधी आपले आभार. मैदानाविषयी येणाऱ्या पत्रांत तक्रारी पुष्कळ असतात, परंतु सेंटिमीटर क्वचितच असतात.

प्रेक्षकाला दिसते किंवा दिसत नाही याचे माप अगदी साधे आहे. मागे बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून जवळच्या सीमारेषेपर्यंत एक सरळ दोरी ताणली आहे असे समजा. ही दोरी पुढच्या रांगेतील माणसाच्या डोळ्यांच्या जितकी वरून जाते, त्या उंचीला अभियंते सी-व्हॅल्यू म्हणतात. माणसाच्या डोळ्यापासून टाळूपर्यंतचे अंतर साधारण 12 सेंटिमीटर असल्यामुळे ही उंची 12 सेंटिमीटर मिळाली तर दृश्य उत्तम, 9 मिळाली तर चांगले आणि 6 मिळाली तर कसेबसे चालण्यासारखे मानतात, कारण त्या वेळी पुढच्या दोन डोक्यांच्या फटीतून पाहावे लागते.

बसलेल्या माणसाचा डोळा पायाखालच्या पायरीपासून 1.2 मीटरवर धरला, तर आपल्या आजच्या गॅलरीत पहिल्या रांगेच्या डोक्यांवरून पाहणाऱ्या दुसऱ्या रांगेला 13 सेंटिमीटर मिळतात, म्हणजे उत्तम. एकविसाव्या रांगेला मात्र 7 सेंटिमीटरच मिळतात. सगळ्या पायऱ्या एकाच उंचीच्या असल्या की मागे जावे तसे दृश्य बिघडत जाते, म्हणूनच चांगल्या स्टेडियमची गॅलरी वर चढताना थोडी थोडी उभी होत जाते. आता हाच हिशेब नव्या बेताला लावू. अंतर 15 मीटरवरून 6 मीटरवर आणले आणि पायऱ्यांना हातही लावला नाही, तर दुसऱ्या रांगेचे माप उणे 2 सेंटिमीटर येते आणि एकविसाव्या रांगेचेही शून्याच्या किंचित खालीच राहते. म्हणजे आपल्या बाजूच्या सीमारेषेवरून विंगर चेंडू घेऊन धावत असेल, तर त्याचे खांदे दिसतील, पायातला चेंडू दिसणार नाही, आणि फुटबॉल पाहायला आलेल्या माणसाची याहून मोठी फसवणूक दुसरी नसेल. लांबून तिरप्या नजरेला जी रेषा दिसत होती, तीच जवळ आली की पुढच्या डोक्याआड जाते. खुर्च्यांमुळे सगळेच जण सारखे उंच होतील, म्हणून काही बिघडणार नाही, असेही म्हणता येत नाही, कारण सगळ्यांचे डोळे वर गेल्याने सीमारेषेकडे जाणारी दोरी अधिक उतरती होते आणि माप उलट घटते.

याचा अर्थ मैदान जवळ आणू नये, असा नाही. 400 मीटरच्या प्रमाणित धावपट्टीच्या आत 105 बाय 68 मीटरचे फुटबॉल मैदान आखले, तर बाजूच्या प्रेक्षकापासून सीमारेषा साधारण 12 मीटरवर राहते, परंतु गोलमागच्या प्रेक्षकाला धावपट्टीच्या बाहेरच्या कडेपासून गोलरेषेपर्यंतच सुमारे 36 मीटरचे रिकामे अंतर पार करून पाहावे लागते, आणि तिथला रस तिथेच संपतो. धावपट्टी काढण्यात तथ्य आहेच. मात्र तिच्यावर पहाटे सराव करणाऱ्या मुलामुलींची सोय आधी दुसरीकडे करावी, असे मला वाटते. प्रश्न एवढाच की मैदान सरकवायचे तर पायऱ्याही नव्याने घडवाव्या लागतील. पहिली पायरी आजच्या 1 मीटर उंचीवरच ठेवली, तर 9 सेंटिमीटर मिळवण्यासाठी दुसरी पायरी जवळजवळ 38 सेंटिमीटर उंच हवी. पहिली रांग जमिनीला टेकवली, तर तिथे 25 सेंटिमीटर पुरतात, पण मागच्या पायऱ्या क्रमाने उंच कराव्या लागतात, आणि हे करताना गॅलरीचा चढ 34 अंशांच्या पुढे नेऊ नये, कारण त्यापलीकडे वयस्कर माणसाला उतरताना जीव मुठीत धरावा लागतो. खर्चाच्या दृष्टीने दुसरा मार्ग बहुधा स्वस्त पडेल, परंतु पहिली रांग खाली आल्यावर समोरची जाळी थेट डोळ्यांसमोर येते. त्याविषयी पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहिले आहे.

खुर्च्यांबद्दल थोडक्यात. 75 सेंटिमीटरच्या पायरीवर घडीची खुर्ची बसवता येते, पण ती मिटल्यावर पुढे निदान 40 सेंटिमीटरची वाट उरते की नाही, हे मोजून पाहावे. शिवाय खुर्च्या बसल्या की प्रेक्षकसंख्या घटते, हे गृहीत धरावे. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये 13 जुलै 1997 रोजी मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा फेडरेशन कपचा उपांत्य सामना 1,31,781 प्रेक्षकांनी पाहिला होता. त्याच मैदानावर नूतनीकरणानंतर 28 ऑक्टोबर 2017 रोजी 17 वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा अधिकृत उपस्थिती 66,684 होती. ‘पूर्वी इतके लोक बसत’ ही आठवण गोड असली तरी तो आकडा नव्या आराखड्यात तसाच उतरवण्याचा हट्ट धरू नये.

सळया उघड्या पडल्या आहेत, ही बाब मात्र मी या साऱ्याच्या आधी ठेवीन. पाणी आणि हवा आत शिरून लोखंड गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि वरच्या काँक्रीटला फोडून बाहेर ढकलतो. पोपडा पडतो तो गंजानंतर, आधी नव्हे. वरून सिमेंट लिंपून रंग दिल्याने गॅलरी तरुण दिसेल, आतला गंज वाढतच राहील. म्हणून खुर्चीचे पहिले भोक पाडण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट व्हावे आणि त्यात हातोड्याने केलेल्या रिबाउंड चाचणीवर न थांबता ध्वनिलहरींची चाचणी, कोअर (काँक्रीटचा नळकांड्यासारखा नमुना) काढून केलेली ताकदीची चाचणी आणि सळयांच्या गंजाची मोजणी व्हावी. गोल झाल्यावर हजारो माणसे एका तालात उड्या मारतात, तेव्हा गॅलरीवर येणारा भार स्वस्थ बसलेल्या माणसांच्या वजनाहून निराळा असतो. जुन्या आराखड्यात तो धरला होता की नाही, हेही तपासून घ्यावे.

खांबांचे दुखणे छतातून आलेले आहे. छत पुढच्या खांबांवर टेकवायचे नसेल, तर ते मागून झुलते ठेवावे लागते. अशा छताला खालून शिरणारा वारा उचलू पाहतो, आणि भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर धरलेला असल्यामुळे त्याचा पाया जुन्या पायऱ्यांवर ढकलून चालत नाही. आपल्याकडच्या काळ्या मातीत, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, असा पाया मातीची तपासणी करून स्वतंत्रच घ्यावा लागतो. तेवढा निधी नसेल, तर खांबाआडच्या जागांचे तिकीट विकू नये, हा प्रामाणिक उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

छत कोणत्या बाजूला, हेही विचारण्यासारखे आहे. मैदान उत्तर-दक्षिण असेल, तर दुपारच्या सामन्यात पश्चिमेच्या गॅलरीला सूर्य पाठीशी राहतो आणि पूर्वेच्या गॅलरीतील लोक कपाळावर हात धरून खेळ पाहतात. तेव्हा निधी एकाच छताचा असेल, तर ते पश्चिमेला घालण्याचा मोह होतो, कारण प्रमुख पाहुणे तिथेच बसतात. मात्र खाली आलेला सूर्य पूर्वेच्या छताखालूनही डोळ्यांत येतोच, त्यामुळे तिथे छतापेक्षा सामन्याची वेळ अधिक उपयोगी पडते. साधा पत्रा तापून खालच्या माणसांवर उष्णता सोडतो, म्हणून पत्र्याखाली उष्णतारोधक थर हवा. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश सेल्सिअसची नोंद झाली होती. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारचा सामना ठेवू नये हे उघड आहे, पण थंडीतही एक अडचण आहे. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि चार वाजता सुरू झालेला सामना पावणेसहाच्या आधी संपत नाही. उत्तरार्धाची शेवटची मिनिटे अंधारात जाऊ नयेत, एवढ्यासाठी तरी दिवे हवेतच. स्थानिक सामन्यांना साधारण 200 लक्स (लक्स हे उजेडाचे माप) पुरतात.

डिजिटल पडदा शेवटी. ज्याला समोरची सीमारेषा दिसते, त्याला पडदा ही जादा सोय आहे. ज्याला ती दिसत नाही, त्याने घरीच टीव्ही पाहिलेला बरा.

प्रश्न : मी कामठीची आहे. माझ्या सासरी तीन पिढ्या फुटबॉल आहे आणि आता माझी मुलगीही खेळते. नागपूरला मोठा सामना असला की आम्ही बायका जायचे टाळतो. शेवटच्या सामन्याला दहा हजारांच्या आसपास गर्दी होती, उघडे दोनच दरवाजे होते आणि तेही प्रत्येकी तीन मीटरचे. स्त्रियांसाठी एकच स्वच्छतागृह होते, त्यालाही कुलूप. समोर उंच लोखंडी जाळी असते. हे ‘पाहण्याच्या अनुभवात’ येते की नाही?

उत्तर : येते, ताई, आणि जाळीपासूनच सुरुवात करतो. 15 एप्रिल 1989 रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे हिल्सबरो मैदानात गॅलरीच्या एका कप्प्यात गर्दी दाटली, समोर जाळी असल्यामुळे माणसांना मैदानात उतरून सुटता आले नाही आणि त्या दुर्घटनेतील मृतांची संख्या अखेरीस 97 झाली. त्यानंतर तिथल्या जाळ्या हटवण्यात आल्या. आपल्याकडेही 16 ऑगस्ट 1980 रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्समध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्याच्या वेळी गॅलरीत मारामारी होऊन चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षक दगावले होते. जाळीऐवजी कमरेएवढा कठडा, त्यात मैदानाकडे उघडणारी फाटके आणि जागोजागी स्वयंसेवक ठेवले, तर माणूसही सुरक्षित राहतो आणि नजरही मोकळी होते.

दरवाजांचा हिशेब असा. सपाट वाटेवरून एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण 82 माणसे बाहेर पडू शकतात, असे ब्रिटनमध्ये गर्दीच्या नियोजनासाठी धरतात. आपले दोन दरवाजे मिळून सहा मीटर, म्हणजे मिनिटाला 492 माणसे, आणि दहा हजार माणसांना बाहेर पडायला वीस मिनिटे लागतील. हेच काम आठ मिनिटांत व्हावे, अशी तिथली अपेक्षा असते. त्यासाठी सुमारे 15 मीटर रुंदीचे दरवाजे उघडे हवेत, आणि जिन्यांवर वेग कमी पडत असल्यामुळे तिथे 19 मीटरच्या आसपास. कुलूपबंद दरवाजा या हिशेबात धरायचा नसतो. किल्ली कोणाकडे आहे, हे सामन्याच्या दिवशी शोधत बसावे लागत असेल, तर तो दरवाजा नाहीच असे समजावे.

स्त्रियांच्या स्वच्छतागृहाबाबत ‘बायका येतच नाहीत, मग बांधायचे कोणासाठी’ हे उत्तर आपण नक्कीच ऐकले असेल. ते उलटे आहे. सोय नाही म्हणून बायका येत नाहीत. मध्यंतर पंधरा मिनिटांचाच असतो आणि सगळी गर्दी त्यातच होते, त्यामुळे जागा दोन्ही टोकांना विभागून, उजेडात आणि पाण्यासह हव्यात, एका कोपऱ्यात नव्हे. आपण पुढच्या सामन्याला दहा-बारा जणी मिळून याव्यात आणि आयोजकांना आधी लेखी कळवावे, असे सुचवतो. मागणी कागदावर आली की कुलूप उघडण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : नव्या मैदानावर खरे गवत असावे की कृत्रिम?

उत्तर : नागपुरात सामन्याच्या मैदानासाठी खरे, म्हणजे बर्मुडा जातीचे गवत. कृत्रिम गवत भर उन्हात हवेपेक्षा पुष्कळच अधिक तापते आणि खेळाडूंचे तळपाय भाजतात. मात्र खरे गवत सरळ काळ्या मातीवर लावले, तर पहिल्याच जोरदार पावसात चिखल होईल. खाली छिद्रांच्या नळ्या, त्यावर साधारण 10 सेंटिमीटर खडी आणि त्यावर 30 सेंटिमीटर वाळूप्रधान थर घ्यावा लागतो. 2017 च्या त्याच विश्वचषकात ब्राझील आणि इंग्लंड यांचा उपांत्य सामना पावसाने खराब झालेल्या मैदानामुळे ऐन वेळी गुवाहाटीहून कोलकात्याला हलवावा लागला होता.

खऱ्या गवताला विश्रांती लागते, ते दिवसभर तुडवून घेत नाही. त्यामुळे मोहल्ल्यातील मुलांना बाहेर काढले जाईल, ही भीती खोटी नाही. विजय बारसे यांनी 2001 मध्ये याच शहरात झोपडपट्टीतील मुलांना घेऊन फुटबॉलचे काम सुरू केले, तेव्हा त्यांना लागले ते एक मोकळे पटांगण. आवारात जागा असेल, तर शेजारी एक छोटे कृत्रिम मैदान करावे आणि उन्हाळ्यात ते सकाळी नऊपूर्वी व संध्याकाळी सहानंतर मुलांसाठी खुले ठेवावे. त्याची वेळ फाटकावर रंगवून लिहावी, म्हणजे चौकीदार बदलला तरी ती बदलणार नाही.