खेळाडू तयार आहे, मग तो वरच्या संघात का नाही?

अमेरिकेतील बेसबॉलविषयी या सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख या वेळी मैदानावरच्या खेळापेक्षा संघाच्या कचेरीकडे अधिक आहे. संघ तरुण खेळाडूंना केव्हा बढती देतात, केव्हा सोडतात आणि त्यांच्याशी किती वर्षांचे करार करतात, हे वाचकांना जाणून घ्यायचे आहे. पत्रे अलिबागपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्यावरून आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : आमची मुलगी आणि जावई पिट्सबर्गला असतात. त्यांच्यामुळे आम्ही दोघेही पहाटे उठून पायरेट्स संघाचे सामने पाहू लागलो. २०२४ साली पॉल स्कीन्स हा पिचर (चेंडू फेकणारा) मायनर लीगमध्ये, म्हणजे मुख्य संघाखालच्या तयारीच्या स्पर्धांत, कोणालाच खेळू देत नव्हता, तरी मे महिन्यापर्यंत त्याला मुख्य संघात आणले नाही. तयार खेळाडूला असे ताटकळत का ठेवतात?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : स्कीन्सच्या बाबतीत संघाजवळ एक सबळ कारण होते, ते आधी सांगतो. कॉलेजात असताना तो आठवड्यातून एकदा पिचिंग करीत असे. मेजर लीगमध्ये, म्हणजे मुख्य संघांच्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, पाच-सहा दिवसांनी पाळी येते आणि हंगाम सहा महिने चालतो. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या आणि ९२ लाख डॉलरचा बोनस दिलेल्या तरुणाच्या खांद्यावर एकदम एवढा भार टाकू नये, हा विचार रास्त होता. त्यामुळे २०२४ च्या सुरुवातीला तो इंडियानापोलिसच्या संघात राहिला. तेथे सात सामन्यांत त्याने ४५ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले आणि दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी एकापेक्षाही कमी धाव दिली. ११ मे रोजी त्याने मुख्य संघातून पदार्पण केले.

इंडियानापोलिसचा संघ मायनर लीगच्या सर्वांत वरच्या, म्हणजे ट्रिपल-ए पायरीवर आहे. पायरेट्सच्या बाबतीत त्याखाली अल्टूना येथे डबल-ए, ग्रीन्सबरो येथे हाय-ए आणि ब्रॅडेंटन येथे सिंगल-ए असे संघ आहेत. त्याही खाली नवशिक्यांच्या लीग आहेत. मेजर लीगच्या तीसही संघांची रचना अशीच आहे. कॉनर ग्रिफिन या पायरेट्सच्याच तरुणाने २०२५ च्या एकाच हंगामात ब्रॅडेंटन, ग्रीन्सबरो आणि अल्टूना असा तीन पायऱ्यांचा प्रवास केला आणि तेव्हा तो अवघा एकोणीस वर्षांचा होता. मात्र हा अपवाद आहे. बहुतेकांना यातील एकेक पायरी चढायला एकेक वर्ष लागते आणि पुष्कळ जण मधल्या पायरीवरूनच घरी परततात.

आता आपण ज्या शंकेने पत्र लिहिले आहे तिच्याकडे वळतो, कारण ती निराधार नाही. मेजर लीगचा हंगाम सुमारे १८७ दिवसांचा असतो. त्यांपैकी १७२ दिवस खेळाडू मुख्य संघाच्या यादीत राहिला की त्याच्या खात्यावर सेवेचे एक पूर्ण वर्ष जमा होते. अशी सहा वर्षे भरली की तो फ्री एजंट होतो, म्हणजे कोणत्याही संघाशी स्वतःच्या मोलाने करार करण्यास मोकळा होतो. तोपर्यंत तो ज्या संघाचा आहे त्याच्याशीच बांधलेला असतो. पहिली सुमारे तीन वर्षे त्याला किमान वेतनाच्या जवळपासच पैसे मिळतात, हे किमान वेतन २०२४ साली ७ लाख ४० हजार डॉलर होते. त्यानंतर लवादाच्या मार्गाने वेतन वाढू लागते. हंगामाच्या आरंभी दोन-अडीच आठवडे खेळाडूला खाली ठेवले, तर त्याचे १७२ दिवस भरत नाहीत आणि संघाला त्याच्या उमेदीचे आणखी एक वर्ष हाती लागते.

शिकागो कब्ज संघाच्या क्रिस ब्रायंटचे प्रकरण याचा ढळढळीत दाखला आहे. २०१४ मध्ये मायनर लीगमध्ये त्याने ४३ होमरन (सहसा चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणारे फटके) मारले होते आणि २०१५ च्या सराव सामन्यांत सर्वाधिक नऊ. तरीही हंगाम सुरू झाला तेव्हा तो खालीच होता. १७ एप्रिलला त्याला वर बोलावले आणि वर्षअखेर त्याच्या खात्यावर १७१ दिवस भरले. एका दिवसाने त्याचे वर्ष हुकले! त्या मोसमाचा नॅशनल लीगमधील (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकातील) सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडूही तोच ठरला. खेळाडू संघटनेने तक्रार गुदरली, पण जानेवारी २०२० मध्ये लवादाने निकाल संघाच्या बाजूने दिला. संघाचा हेतू कागदोपत्री सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते, कारण ‘त्याचे क्षेत्ररक्षण अजून सुधारायला हवे’ असे कोणत्याही बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाबद्दल म्हणता येते. माझ्या मते हा सरळ अन्याय होता आणि नियमात बसणारा होता म्हणून तो कमी होत नाही.

मेजर लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील २०२२ च्या सामूहिक करारात या दुखण्यावर काही इलाज झाला. सर्वोत्कृष्ट नवोदित पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या खेळाडूला, तो कितीही उशिरा वर आलेला असो, सेवेचे पूर्ण वर्ष मिळते. उलट बाजूने, नावाजलेल्या तरुणाला जो संघ आरंभापासून खेळवतो आणि ज्याचा तरुण तो पुरस्कार जिंकतो, त्या संघाला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड मिळते. सिएटलने ज्युलिओ रॉड्रिगेझला २०२२ च्या पहिल्या दिवसापासून खेळवले आणि तो पुरस्कार जिंकताच २०२३ च्या ड्राफ्टमध्ये त्यांना हा लाभ झाला. स्कीन्स २०२४ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्कृष्ट नवोदित ठरल्यामुळे त्याचेही वर्ष पूर्ण धरले गेले. तो २०३० ऐवजी २०२९ च्या हंगामानंतर मोकळा होऊ शकतो. याचा अर्थ असा, की आपण पहाटे उठून पाहिलेल्या त्याच्या सामन्यांनीच त्याला ते वर्ष परत मिळवून दिले.

प्रश्न : चांगल्या नावाचे खेळाडू नोव्हेंबरमध्ये संघ फुकट सोडून देतात, असे वाचले. हे कसे?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : लवादाच्या टप्प्यातील खेळाडूचे वेतन सहसा वाढतच जाते, खेळ घसरला तरी फारसे खाली येत नाही. म्हणून त्या वर्षीचा करार द्यायचा की नाही, हे संघाला नोव्हेंबरातील ठरलेल्या तारखेपर्यंत सांगावे लागते. नकार दिला की खेळाडू तत्काळ मोकळा होतो. लॉस एंजेलिस डॉजर्सने नॅशनल लीगच्या २०१९ च्या सर्वोत्तम खेळाडूला, कोडी बेलिंजरला, २०२२ मध्ये याच रीतीने सोडले आणि शिकागो कब्जने त्याला एका वर्षासाठी १ कोटी ७५ लाख डॉलर देऊन घेतले.

प्रश्न : एका संघाने वाढवलेला खेळाडू दुसरा संघ डिसेंबरमध्ये उचलून नेतो, ही कसली पद्धत? ज्याने शिकवले त्याचे नुकसान नाही का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : या पद्धतीला रूल फाइव्ह ड्राफ्ट म्हणतात. नुकसान होते खरे, पण ही पद्धत खेळाडूच्या हिताची आहे आणि तिची बाजू मी मनापासून घेतो.

प्रत्येक संघाची चाळीस जणांची एक मुख्य यादी असते. त्यांतील सव्वीस जण प्रत्यक्ष खेळण्यास उपलब्ध असतात आणि उरलेले बहुतेक मायनर लीगमध्ये खेळतात. अठरा किंवा त्याहून कमी वयात करारबद्ध झालेल्या खेळाडूला पाच हंगामांनंतर आणि एकोणीस किंवा अधिक वयात आलेल्याला चार हंगामांनंतर या चाळिसांत घ्यावे लागते. घेतले नाही, तर डिसेंबरमध्ये दुसरा कोणताही संघ एक लाख डॉलर भरून त्याला नेऊ शकतो. नेणाऱ्या संघावर मात्र अट असते, की पुढचा संपूर्ण हंगाम त्याला सव्विसांत ठेवले पाहिजे. तसे जमले नाही, तर त्याला मूळ संघाला अर्ध्या रकमेत परत देऊ करावे लागते. या अटीमुळे कोणी उगाच हात घालीत नाही. ज्याला खरोखरच तो खेळाडू हवा आहे, तोच पुढे येतो.

हा नियम नसता, तर श्रीमंत संघांनी चांगल्या मुलांना खालच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षे साठवून ठेवले असते. १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी रोबेर्तो क्लेमेंटे या प्युर्टो रिकोच्या तरुणाला मॉन्ट्रियलच्या मायनर लीग संघात ठेवले होते. त्याच वर्षीच्या अशाच निवडीत पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला ४,००० डॉलर देऊन घेतले. पुढे त्याने याच संघाकडून ३,००० हिट (फलंदाजाला बेसवर पोहोचवणारे फटके) केले. ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वातील भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाणारे त्याचे विमान कोसळले आणि तो गेला, पण पिट्सबर्गमध्ये त्याच्याविषयीचा आदर आजही तसाच आहे. डॉजर्सचे नुकसान झाले, हे खरेच. त्यांच्याकडेच तो राहिला असता, तर त्याला खेळायला किती मिळाले असते, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

प्रश्न : आमच्याकडे मोहोर पाहूनच बाग व्यापाऱ्याला कराराने देतात. पुढे तुडतुडा आला, अवकाळी पाऊस झाला, तर तोटा त्याचा. पीक भरघोस आले, तर नफाही त्याचाच. मेजर लीगमध्ये एकही सामना न खेळलेल्या मुलाशी संघ आठ वर्षांचा करार करतात, तो प्रकार हाच ना? यात मुलगा शहाणा की संघ?
— एक आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : व्यवहार पुष्कळसा तोच आहे. मिलवॉकी ब्रुअर्सनी डिसेंबर २०२३ मध्ये जॅक्सन चुरिओ या व्हेनेझुएलाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाशी आठ वर्षांचा, ८ कोटी २० लाख डॉलरचा करार केला, तेव्हा त्याने मुख्य संघातून एकदाही फलंदाजी केलेली नव्हती. २०२४ मध्ये त्याने २१ होमरन मारले आणि २२ बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा टप्पा गाठला. संघाचा अंदाज बरोबर आला. फिलाडेल्फियाने मार्च २०१८ मध्ये स्कॉट किंगरीला पदार्पणापूर्वीच सहा वर्षांसाठी २ कोटी ४० लाख दिले, तो मात्र मुख्य संघात टिकू शकला नाही. ते पैसे ठरल्याप्रमाणे त्याला मिळाले, कारण मेजर लीगच्या अशा करारातील रक्कम हमीची असते. किंगरीच्या बाजूने पाहिले, तर त्याने सही केली हे उत्तमच झाले.

उलट उदाहरण अटलांटाच्या ऑझी अल्बीसचे आहे. त्याने एप्रिल २०१९ मध्ये सात वर्षांसाठी साडेतीन कोटी डॉलरवर सही केली आणि शिवाय पुढची दोन वर्षे प्रत्येकी ७० लाखांत ठेवून घेण्याचा हक्क संघाला दिला. त्याच्या तोडीचे खेळाडू खुल्या बाजारात याच्या कितीतरी पट मिळवतात, म्हणून या करारावर तेव्हा कडाडून टीका झाली. टीकाकारांनी एक गोष्ट मात्र पुरेशी विचारात घेतली नाही. कुरासाव बेटावरील या मुलाला २०१३ मध्ये पहिल्या सहीचे साडेतीन लाख डॉलर मिळाले होते. स्कीन्सप्रमाणे ज्याच्या खिशात आरंभीच ९२ लाख पडले आहेत, त्याला सहा वर्षे थांबणे परवडते. घरची ओढगस्त पाहिलेल्या मुलाला एका गुडघ्याच्या दुखापतीचे भय पुरते. म्हणून मुलगा शहाणा की संघ, यापेक्षा दोघांपैकी थांबण्याची ऐपत कोणाची, हे पाहावे. संघाचे दहा अंदाज चुकले तरी अकरावा त्याला तारतो. मुलाजवळ एकच शरीर असते.

शिवाय एक मोठा फरक आपल्या लक्षात आणून देतो. आपली बाग पुढच्या वर्षी पुन्हा मोहोरते आणि तेव्हा नवा भाव मागता येतो. खेळाडूची विशी ते तिशी एकदाच येते आणि आठ वर्षांचा करार ती जवळजवळ सगळी घेऊन जातो. एखादा तरुण सल्ला विचारील तर मी सांगेन, की रक्कम थोडी कमी घे, पण संघाला वाढीव वर्षांचा हक्क देताना हात आखडता ठेव.

प्रश्न : मी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. सॉफ्टबॉल आणि बेसबॉल खेळणारी माझी मुले विचारतात, की मायनर लीगमध्ये खेळणाऱ्यांचे पोट भरते का, आणि आपल्यापैकी कोणी तेथे जाऊ शकते का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जाऊ शकते, कारण दोघे जाऊन आले आहेत. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे मुळात भालाफेकपटू होते. २००८ मध्ये भारतात वेगवान चेंडू फेकणाऱ्यांचा शोध घेणारी एक स्पर्धा झाली, तिच्यातून पुढे येऊन त्यांनी त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सशी मायनर लीगचा करार केला आणि २००९ मध्ये ते फ्लोरिडातील नवशिक्यांच्या लीगमध्ये खेळले. पटेलचा प्रवास लवकर थांबला. सिंग सिंगल-ए पायरीपर्यंत गेला, पण दुखापतींनी त्याला पुढे जाऊ दिले नाही. हा खेळ प्रौढ वयात शिकायला घेतलेल्या मुलांनी एवढी मजल मारावी, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

पोटाचा प्रश्न मात्र अनेक वर्षे फार वाईट होता. खालच्या पायरीवरील खेळाडूंना पैसे केवळ हंगामापुरते मिळत आणि हिवाळ्यात त्यांना मिळेल ते काम करावे लागे. २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू संघटनेत सामील झाले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. त्यानुसार ट्रिपल-एचे किमान वार्षिक वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलर, सिंगल-एचे ११,००० वरून २६,२०० डॉलर आणि नवशिक्यांचे ४,८०० वरून १९,८०० डॉलर झाले. अमेरिकेतील खर्च पाहता यात चैन होत नाही, पण माणसासारखे राहता येते.

आपल्या विद्यार्थ्यांना नियमही सांगावा. ड्राफ्ट हा अमेरिका, कॅनडा आणि प्युर्टो रिको येथील खेळाडूंसाठी असतो. भारतातील मुलगा त्यात येत नाही. साधारणपणे सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर तो थेट कोणत्याही संघाशी करार करू शकतो. असा कागद कधी समोर आलाच, तर आकड्याआधी शिक्षणाचे कलम पाहावे. ड्राफ्टमधून येणारी अनेक अमेरिकी मुले पुढे कॉलेजात शिकण्याचा खर्च संघाने द्यावा, असे पहिल्याच करारात लिहून घेतात. तसे कलम आपल्या मुलासाठीही मागावे. संघाने नकार दिल्यास बोनसच्या रकमेतून शिक्षणाचे पैसे आधी बाजूला काढावेत.