विंचवाचा मंत्र आणि दोन भाऊ

प्रश्न : विंचू उतरवायचा मंत्र वडिलांकडून आमच्या थोरल्या भावाकडे आला. दादा पैसा घेत नाही, रात्री-अपरात्री कुणी आलं तरी उठतो. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे ती ठेवायच्या ओट्यावर, असताना चारचौघांत मी त्याला म्हणालो, 'हे थोतांड आहे, २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने आत जाशील.' तो म्हणाला, 'तुज्या बुकात सगलं लिवलंय काय रं?' तेव्हापासून अबोला. गणपती तोंडावर आलेत, घर एक, आरतीही एकच. माझं खरं असताना नमतं मी का घ्यायचं?
– एक शिक्षक, गुहागर तालुका

उत्तर : तुमचं खरं कुठपर्यंत आहे, ते आधी पाहू. मंत्राने विंचवाचं विष उतरत नाही. माझी सगळी नोकरी आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून झाली. याबद्दल मला शंका नाही, आणि दादांची मर्जी राखायला तुम्हीही खोटी शंका दाखवू नका. पण थोतांड करणारा जाणूनबुजून फसवतो. दादांनी कळवळत आलेला माणूस शांत होऊन घरी जाताना पाहिलाय, आणि त्यांनी पाहिलं ते खरंच आहे. काळा विंचू चावला की बहुतेकदा नुसती आग होते. काही तासांत ती आपसूक ओसरते, मंत्र म्हणा किंवा म्हणू नका.

लाल विंचवाचं तसं नाही. त्या रोग्यांचे हात मी धरलेत. कपडे पिळावेत इतका घाम, उलट्या, गारठलेली मनगटं, मग धाप आणि खोकताना ओठांवर गुलाबी फेस. ही माणसं वाचवायची कशी, हे एके काळी मांत्रिकाला कळत नव्हतं तसं डॉक्टरांनाही कळत नव्हतं. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांना पुस्तकांत उत्तर सापडेना. ते रोग्यांच्या उशाशी बसले आणि नाडी, रक्तदाब, घाम टिपत राहिले. १९८२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी धोक्याची लक्षणं मांडली. १९८६ साली त्याच नियतकालिकात दाखवून दिलं, की प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी इथे कामी येते. विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येऊन फुप्फुसांत पाणी भरतं; गोळी त्या वाहिन्या सैल करते. कोकणातच हे घडलं, म्हणून मला त्याचं फार अप्रूप आहे. दादांना सांगा, 'नाही, बुकात सगळं नव्हतं. एका डॉक्टरने तसं कबूल केलं आणि शोधलं.'

कायद्याची धमकी मात्र मागे घ्या. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा आहे. दादांनी कधी कुणाला अडवलंय का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारलंत तरी का?

मी देवीची ओटी भरते. ती ऐकते की नाही, मला माहीत नाही. कुणी छातीठोक हो म्हणालं तर माझी मान हलत नाही, नाही म्हणालं तरी हलत नाही. दादांशी देवाबद्दल बोलताना तुम्हीही एवढंच म्हणू शकाल, असं मला वाटतं. विषाबद्दल बोलताना मात्र ठाम राहा. या दोन गोष्टी सहाणेवर तुम्ही एकाच दमात बोललात, म्हणून दादांना त्यांचा देव, वडील आणि मंत्र सगळंच तुम्ही मोडीत काढल्यासारखं वाटलं असणार.

एकटे गाठा त्यांना, पडवीत किंवा पाणंदीत. एवढंच विचारा, 'दादा, ज्यांना उतार पडला नाही, अशी माणसं आठवतात?' आणि त्यांचं बोलून होईपर्यंत मध्ये बोलू नका. इतकी वर्षं उठतायत, तर एखादी तशी रात्र असणारच. मग म्हणा, घाम, उलटी, गार हातपाय यांतलं काही दिसलं, किंवा लहान मूल असलं, की आधी १०८ला फोन. गाडी येईपर्यंत मंत्र म्हण. ते पटकन हो म्हणणार नाहीत. तरी आरतीला त्यांच्या शेजारी उभे राहा आणि दिवाळीची वाट न पाहता पुन्हा विचारा. भातकापणीला हात पेंढ्यांत जातात, आणि वाडीतला माणूस रात्री दोन वाजता दादांचंच दार वाजवणार आहे.