टाक्यांवर हळद लावू का?

"मॅडम, टाक्यांवर हळद लावू का? आई म्हणते, लवकर भरतं."

बाळंत होऊन सहा दिवस झालेली, बाळंतपणात योनीमार्गाशी टाके पडलेली, सोलापूरच्या 'जुळे सोलापूर' भागातली ही मुलगी खुर्चीच्या कडेला एका बाजूवर भार देऊन बसली होती. हा प्रश्न नेहमीचाच. कुणाला हळद, कुणाला खोबरेल, कुणाला धुरी.

आईशी बोलल्यावर खरी गोम कळली. पोरीला तीन दिवस शी झाली नव्हती. भर एप्रिलातलं सोलापूर, आणि "बाळंतिणीनं जास्त पाणी पिऊ नये, पोट सुटतं" म्हणून हिला दिवसभरात चार पेले पाणी! त्यात कुंथलं तर टाके तुटतील ही धास्ती. ती दाबून धरायची, खडा व्हायचा, ठणका वाढायचा.

डब्यातली हळद निर्जंतुक नसते. ओल्या जखमेत तिचे कण अडकतात आणि पिवळ्या थराखाली पू झालाय का तेही दिसत नाही. पोटात, दुधातून खुशाल द्या, म्हटलं. धुरी मात्र नकोच. तिथली कातडी भाजते, आणि खोलीतला धूर बाळाच्या नाकात.

"मग आम्ही नुसतं बघत बसायचं का?" आईंचा आवाज चढला. बरोबरच होतं त्यांचं. लेकीचं बाळंतपण हात बांधून कोण करतं?

मग कामं वाटून दिली. स्वच्छ टबात कोमट पाणी घालून दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं बसवायचं. मीठ घातलं तरी चालतं, पण आराम पडतो तो उबेनं. नंतर धुतलेल्या मऊ सुती कापडानं टिपायचं, नव्या सोलापुरी टॉवेलानं खसाखसा पुसायचं नाही. लघवीच्या वेळी वरून कोमट पाणी ओतलं की झोंबत नाही. पॅड दर चार तासांनी बदलायचं, धुताना हात पुढून मागे. डिंकाचे लाडू चालतील, पण जोडीला पालेभाजी, भाकरी आणि तहानेपुरतं पाणी हवंच. शीला बसताना टाक्यांवर स्वच्छ पॅड हलकेच दाबून धरलं की धीर येतो. टाके त्यानं तुटत नाहीत.

ठणका वाढला होता म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं. टाके कोरडे होते. अंगावर पाजताना चालेल असं शी मऊ करायचं औषध त्यांनी दिलं. बहुतेकींचे टाके आपोआप विरघळतात आणि जखम महिना-दीड महिन्यात भरते. ताप, घाण वास, पू, उसवलेला टाका किंवा दिवसेंदिवस वाढणारं दुखणं, यातलं एक जरी दिसलं तरी घरी काही लावत न बसता थेट दवाखाना गाठायचा.